‘कार्ड गेले’ असे सांगण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीच्या गणपती पेठेत गेली २२ वर्षे मी डीटीपीचा व्यवसाय करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दुकानांची बिलबुके आणि अलीकडे वाढदिवसांचे फ्लेक्स, असे सगळे काम ज्या संगणकावर चालते तो तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, म्हणजे २०१२-१३ च्या सुमाराचा आहे आणि त्यात त्याच काळातले ‘जीटीएक्स ६५०’ हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे मॉनिटरवरचे चित्र तयार करणारे कार्ड, होते. ‘होते’ असे लिहावे लागते, कारण गेल्या लग्नसराईत ते ‘गेले’ असे मला सांगण्यात आले, मी ते निमूट मान्य केले आणि तिथेच चुकलो. आपल्या शहरात, मिरजेत आणि आसपासच्या गावांत असे दहा-बारा वर्षांचे संगणक अडत दुकानांत, शाळांत, फोटो स्टुडिओंत आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांत आजही रोजच्या कामात आहेत. त्यांच्या मालकांना चार गोष्टी कळाव्यात आणि दुरुस्ती करणाऱ्यांपुढे एक मागणी मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्या दुकानाचा उल्लेख पुढे येईल त्याचे नाव मी घेणार नाही. तिथल्या माणसाने मला फसवले असे मला वाटत नाही. त्याने घाई केली आणि मी ती करू दिली.

घडले ते असे. एप्रिलमध्ये पत्रिकांची गर्दी असताना फोटोशॉपमध्ये फ्लेक्सची मोठी फाइल उघडून ती लहान-मोठी करू लागले की मॉनिटर काळा होई, त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी तरंगू लागे आणि कॅबिनेटमधला एक पंखा एकाएकी पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागे. बटण दाबून धरून संगणक बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, की सगळे जिथल्या तिथे. पत्रिकेसारखे हलके काम दिवसभर बिनतक्रार चाले. दुकानदाराने कॅबिनेट दोन दिवस ठेवून घेतले, ‘कार्ड गेले’ असे सांगितले आणि वापरलेले, पण माझ्या कार्डापेक्षा नव्या पिढीचे दुसरे कार्ड बसवून साडेसहा हजार रुपये घेतले. पावती म्हणून वहीच्या कागदावर रक्कम आणि सही एवढेच मिळाले. जुने कार्ड परत मागण्याचे मला सुचले नाही. सतराव्या दिवशी, ग्राहक समोर प्रूफ पाहायला बसलेला असताना, तोच काळा पडदा आणि तीच गिरणी.

त्या रात्री शटर अर्धे ओढून मी स्वतःच कॅबिनेट उघडले. मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या, ज्या लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसते, त्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. ज्या कार्डांना त्याहून जास्त लागते, किंवा ज्यांच्या निर्मात्याने थोडी मोकळीक राखायचे ठरवलेले असते, त्यांच्या वरच्या कडेला सहा पिनांची वेगळी जोडणी असते आणि तिच्यातून आणखी ७५ वॅट मिळू शकतात. माझे जुने कार्ड ६४ वॅटचेच, तरी त्याला ही जोडणी होती, नव्यालाही होती. माझ्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, मात्र सहा पिनांची वायरच नव्हती. त्यामुळे हार्ड डिस्कसाठी असलेल्या चार पिनांच्या दोन जोडांतून सहा पिनांचा एक जोड करून देणारी वीतभर वायर, जिला बाजारात नुसते ‘कन्व्हर्टर’ म्हणतात, कधीतरी मधे लावण्यात आली होती. मोबाइलचा उजेड पाडून पाहिले तेव्हा त्या चार पिनांच्या जोडाचे पांढरे प्लास्टिक, नेमके पिवळी वायर जिथे आत जाते तिथे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखे तपकिरी झालेले दिसले. पिवळी वायर चिमटीत धरून हलकेच ओढली तर पिनेसकट बाहेर आली. ती पिन आतून काळवंडलेली होती आणि तिचे तोंड इतके फाकलेले होते की समोरच्या पिनेला ती कशीबशी टेकत असावी. जवळ नेल्यावर जळक्या प्लास्टिकचा मंद वासही आला.

यात गूढ काही नाही. विजेच्या जोडाची पकड सैल झाली की तिथला रोध वाढतो, रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने पिनेची स्प्रिंगसारखी पकड आणखी ढिली होते, असे ते चक्र महिनोन्महिने चालू राहते. हलक्या कामात कार्ड वीज कमी ओढते, म्हणून काही जाणवत नाही. मोठी फाइल उघडताच मागणी वाढते, सैल जोडापाशी व्होल्टेज पडते आणि कार्ड जागच्या जागी बंद होते. मग पंख्याला लगाम घालणारे कोणी उरत नाही आणि तो पूर्ण वेगाने फिरू लागतो. म्हणजे काळा पडदा आणि गिरणीचा आवाज ही दोन लक्षणे एकत्र आल्यावर कार्डाआधी त्याच्या विजेकडे पाहायला हवे होते. दुकानात ज्या हाताने जुने कार्ड काढले, त्याच हाताने तो करपलेला जोड नव्या कार्डाला लावला होता, हे आठवले की मला आजही हसावे की रडावे ते कळत नाही. सहा पिनांची स्वतःची वायर असलेला बरा एसएमपीएस बसवल्यापासून संगणक एकदाही बंद पडलेला नाही.

या अनुभवानंतर मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या मिळून बऱ्याच जुन्या संगणकांचा हा विषय हाताळला आणि लक्षात आले की ‘डिस्प्ले येत नाही’ या तीन शब्दांत निदान सात-आठ वेगवेगळे आजार दडलेले असतात. (आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत असल्याने ‘सीपीयू बिघडला’ या वाक्यातून तर काहीच कळत नाही.) त्यांतला नेमका कोणता, हे ठरवायला महागडी उपकरणे लागत नाहीत, क्रम लागतो आणि थोडा धीर लागतो.

पहिला प्रश्न मॉनिटर आणि केबलचा. तो इतका साधा आहे की जाणकार माणूसच तो विसरतो. मिरजेतल्या माझ्या भाच्याच्या संगणकावर उभ्या जांभळट रेषा येत होत्या. “मामा, कार्ड उडालंय,” हे त्याचे निदान तयारच होते आणि मीही त्याच्या नादाने दोन संध्याकाळी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारे सॉफ्टवेअर, काढण्या-घालण्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी मला सुचले ते असे: रेषा दिसत असतानाच कीबोर्डवरून स्क्रीनशॉट घ्यायचा, तो मोबाइलवर पाठवायचा आणि तिथे पाहायचा. स्क्रीनशॉट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतले चित्र. ते केबलमधून आणि मॉनिटरमधून गेलेले नसते. मोबाइलवरच्या चित्रातही रेषा असतील तर दोष संगणकाच्या आत आहे. चित्र स्वच्छ असेल तर संशय केबल, मॉनिटर किंवा फार तर कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या जोडणीवर येतो. भाच्याच्या मोबाइलवर चित्र आरशासारखे स्वच्छ होते. निळ्या तोंडाची व्हीजीए केबल बदलली आणि काम झाले. दोन संध्याकाळींचा हिशेब मी त्याला सांगितला नाही. याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे त्याच्या मागे बहुधा दोन ठिकाणी मॉनिटरची केबल लावता येते, एक मदरबोर्डच्या उभ्या पट्टीत आणि दुसरी खाली आडव्या कार्डावर. झाडलोट करताना केबल निघाली आणि चुकून वरच्या ठिकाणी लावली गेली, तर कितीतरी संगणकांवर पडदा काळाच राहतो, कारण कार्ड बसलेले असताना मदरबोर्डची स्वतःची जोडणी बंद ठेवलेली असते.

दुसरा प्रश्न असा की दोष विंडोज सुरू होण्याआधी दिसतो की नंतर. संगणक चालू करताच जो निर्मात्याच्या चिन्हाचा किंवा बायोसचा (मदरबोर्डमधल्या, विंडोजच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पडदा येतो, त्यावरच ठिपके, चौकडी किंवा फाटलेली अक्षरे दिसत असतील तर ड्रायव्हरचा संबंध उरत नाही, कारण तोपर्यंत ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. तो पडदा स्वच्छ असून विंडोजच्या आत गेल्यावरच गोंधळ होत असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र तेवढ्यावर कार्डाला निर्दोष ठरवू नये. बायोसच्या साध्या पडद्यासाठी कार्डावरच्या मुख्य चिपचा अगदी थोडा भाग कामाला लागतो आणि दुबळी झालेली चिप तेवढे काम रडतखडत करते. खरा भार तिच्यावर ड्रायव्हर चालू झाल्यावर पडतो. पडदा मुळीच येत नसेल तर कान द्यावा. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर असेल तर मदरबोर्ड शिट्ट्या वाजवून दोष सांगतो. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे व्हिडिओचा दोष. एएमआय बायोसमध्ये आठ आखूड शिट्ट्या म्हणजे कार्डाच्या मेमरीचा. तो स्पीकर हल्ली कॅबिनेटबरोबर येत नाही, पण सुटा अगदी स्वस्तात मिळतो आणि माझ्या मते प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या खिशात तो असायला हवा.

तिसरी पायरी कार्ड काढून पाहण्याची. इंटेलच्या त्या काळच्या बहुतेक आय-थ्री आणि आय-फाइव्ह प्रोसेसरांत साधी ग्राफिक्स चिप अंगभूत असते. कार्ड काढले, केबल मदरबोर्डला लावली आणि संगणक नीट चालला, तर दोष कार्ड, त्याचा स्लॉट, त्याची वीज आणि त्याचा ड्रायव्हर या चौघांत अडकला. याचा आणखी एक फायदा असा की ज्याचे काम केवळ बिले, पत्रे आणि बँकेचे व्यवहार एवढेच आहे, त्याला कार्डाची गरजच नव्हती हे त्याच वेळी लक्षात येते. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात नेमके हेच झाले. ते कार्ड कधीकाळी मालकांच्या चिरंजीवांनी खेळ खेळण्यासाठी बसवले होते. चिरंजीव नोकरीला पुण्याला गेले आणि कार्ड बिलांच्या मागे उगाच तापत राहिले.

त्या अडत दुकानातले कार्ड मी हातात घेतले तेव्हा ते पिवळे होते. हळदीची भुकटी हवेतल्या ओलाव्याने आणि पंख्याच्या वंगणाने एकमेकांत बसून हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर झाला होता, आणि पंखा फिरत असला तरी हवा पलीकडे जात नव्हती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान आहे, पण ग्राफिक्स कार्डाला तिचे काही कौतुक नसते. धूळ काढताना ब्लोअरची हवा थेट पंख्यावर सोडू नये. पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने गरगरून त्याच्या बेअरिंगची वाट लागते. इतक्या जुन्या कार्डाच्या चिपवरची, तिची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बहुधा वाळून खडू झालेली असते. हीटसिंकचे चार स्क्रू तिरक्या क्रमाने सैल करून, जुनी पेस्ट पुसून, मुगाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली की तापमान पुष्कळ उतरते. भर कामात ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान गेले तर घाबरण्याचे कारण नाही; ते ९० च्या वर टिकून राहत असेल आणि त्याच सुमारास चित्र अडखळत असेल, तर आधी साफसफाई आणि मगच खरेदी.

नदीकाठच्या पेठांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या पेठेत आले. ज्यांचे संगणक पाण्यात बुडाले त्यांचे ते गेलेच. पण आम्ही अनेकांनी जे माळ्यावर चढवून वाचवले, तेही कित्येक दिवस ओल्या हवेत राहिले. अशा संगणकांत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये पुढे काही वर्षांनीसुद्धा मळकट थर धरलेला आढळतो आणि ‘कधी डिस्प्ले येतो, कधी येत नाही’ ही तक्रार त्यातून येते. कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवल्यावर काही दिवस बरे वाटते, हीच त्याची खूण. आपल्याकडे या पट्ट्या खोडरबराने घासण्याची रीत आहे आणि मीही ती वर्षानुवर्षे पाळली. पण त्यावरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो, म्हणून आता मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले स्वच्छ सुती कापड वापरतो. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिटी आधी दाबायची असते, हे न कळल्याने ती तुटलेले मदरबोर्डही मी पाहिले आहेत. हे सारे करण्यापूर्वी प्लग काढावा, संगणकाचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्डाला हात लावावा.

विजेबद्दल वर लिहिलेच आहे; त्यात थोडी भर घालतो. एसएमपीएसच्या बाजूला जे ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते त्यावर विसंबू नये. कार्ड आणि प्रोसेसर ज्यावर जगतात ती १२ व्होल्टची ओळ किती अँपिअर देते, हे त्याच लेबलवरच्या लहान कोष्टकात वाचावे. तिथे १४ अँपिअर लिहिले असेल तर बाराने गुणून १६८ वॅट होतात. बाकीचे ‘वॅट’ कार्डाच्या कामाचे नाहीत. ज्याला मल्टिमीटर धरता येतो त्याने संगणक चालू असताना, भार पडलेला असताना, पिवळ्या आणि काळ्या वायरींमधले व्होल्टेज पाहावे. ते ११.४ ते १२.६ च्या दरम्यान असले पाहिजे. भार नसताना १२ आणि फोटोशॉप उघडल्यावर ११ असे आकडे आले, तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कोणीही उघडू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

बायोसच्या सेलची गोष्ट त्या मानाने छोटी आहे. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा ‘सीआर २०३२’ हा ३ व्होल्टचा सेल काही वर्षांनी संपतो. तो संपला की वीज गेल्यावर बायोसची मांडणी मूळ पदावर जाते, घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षी जाऊन बसते आणि चित्र कार्डातून द्यायचे की मदरबोर्डातून हा निर्णयही त्यासोबत पुसला जातो. सकाळी वेळ चुकीची दिसणे आणि डिस्प्ले न येणे या दोन तक्रारी एकाच घरातून आल्या, तर आधी सेल बदलावा.

ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र जुन्या संगणकांच्या मालकांवर खरोखर अन्याय होतो, असे माझे मत आहे. माझ्या जुन्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने ‘जीटीएक्स ६५०’च्या पिढीला, म्हणजे केप्लर चिपांना, नवे ड्रायव्हर देणे २०२१ मध्ये थांबवले, त्या कार्डांना ४७० च्या मालिकेतले ड्रायव्हर चालतात आणि त्यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही सप्टेंबर २०२४ पर्यंतच होत्या. त्याआधीच्या फर्मी पिढीची गाडी २०१८ मध्ये ३९१ वर थांबली. आता कोणी हौसेने सर्वांत नवा ड्रायव्हर उतरवून घेतला, तर तो ‘योग्य हार्डवेअर सापडले नाही’ असे सांगून बसायला नकार देतो आणि दुकानात त्याचे भाषांतर ‘कार्ड खूप जुने झाले, आता चालणार नाही’ असे होते. त्यातही गंमत अशी की ‘जीटी ७३०’ या एकाच नावाने फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपांची कार्डे विकली गेली, त्यामुळे खोक्यावरच्या नावावरून ड्रायव्हर निवडता येत नाही. ‘जीपीयू-झेड’ नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर आतली चिप नेमकी कोणती ते सांगते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या उपकरणांच्या यादीत पिवळ्या त्रिकोणासोबत येणारा ‘कोड ४३’ हाही कार्डाचा मृत्यूचा दाखला नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की उपकरणाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवले, आणि ती अडचण बिघडलेल्या ड्रायव्हरचीही असू शकते. इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये जाऊन, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुने सगळे झाडून काढावे आणि मग त्या पिढीचा योग्य ड्रायव्हर घालावा; इंटरनेट चालू ठेवले तर मधल्या वेळेत विंडोज स्वतःच्या मनाने दुसरा ड्रायव्हर आणून बसवते. ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे’ अशा अर्थाची सूचना येत असेल तर चिपने ठरलेल्या २ सेकंदांत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने तिला पुन्हा उभे केले, असे समजावे; त्यामागे ड्रायव्हर, उष्णता, वीज यांपैकी काहीही असू शकते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे. पण ‘त्यामुळेच पडद्यावर रेषा येतात’ असे माझ्या एका ग्राहकाला गंभीरपणे सांगण्यात आले, त्याला काय म्हणावे?

एवढे सगळे पाहिल्यावरही कार्ड खरोखर मेलेले असू शकते, हे मी नाकारत नाही. त्याची कसोटी एकच: ते कार्ड दुसऱ्या, धडधाकट संगणकात लावून पाहणे आणि दुसरे चांगले कार्ड आपल्या संगणकात लावून पाहणे. दोन्ही ठिकाणी दोष कार्डासोबत प्रवास करत असेल तर मग वाद उरत नाही. तेव्हा हीटगनने शेकून किंवा भट्टीत भाजून कार्ड ‘जिवंत’ करून देणारे भेटतात. चिपला बोर्डाशी जोडणारा शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे शेकल्याने तडकलेले जोड पुन्हा धरतात, असे ते सांगतात. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा तडा बोर्डावरच्या डाखाला गेलेला नसून चिपच्या पोटातल्या सूक्ष्म जोडांना गेलेला असतो. एनव्हिडियाने २००८ मध्ये लॅपटॉपच्या काही चिपांतल्या अशाच दुबळ्या घडणीपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. शेकलेले कार्ड काही आठवडे चालते आणि पुन्हा झोपते. त्यासाठी पैसे मोजू नयेत.

बदली कार्ड घेताना दोन गोष्टींकडे लक्ष असावे. जुन्या ‘जीटीएस ४५०’ किंवा ‘५५० टीआय’ कार्डांतले सॉफ्टवेअर बदलून ती ‘१०५० टीआय’ म्हणून खपवण्याचे प्रकार झालेले आहेत आणि विंडोजसुद्धा त्या खोट्या नावाला भुलते. वर सांगितलेले ‘जीपीयू-झेड’ २०१८ पासून अशी कार्डे ओळखते, तेव्हा पैसे देण्यापूर्वी दुकानातच ते चालवून पाहावे. दुसरे असे की फार जुन्या मदरबोर्डवर अगदी नवे कार्ड कधीकधी डिस्प्लेच देत नाही, कारण नव्या कार्डाला यूईएफआय या नव्या पद्धतीचा बायोस हवा असतो. तिथेही ‘हेही कार्ड खराब निघाले’ असे म्हणण्यापूर्वी मदरबोर्डचे वय विचारात घ्यावे.

आता मागणी. दुरुस्ती करणाऱ्याने बिलावर केवळ ‘कार्ड बदलले’ असे न लिहिता, ते गेले हे कशावरून ठरवले ते एका ओळीत लिहावे. शक्य असेल तर कार्ड ग्राहकासमोर दुसऱ्या संगणकात लावून दाखवावे, त्याला पाच मिनिटे लागतात. आणि काढलेला भाग न मागता परत द्यावा. वस्तू किंवा सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे निदान बिलासाठी तरी कोणाच्या उपकाराची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या शहरातले तंत्रज्ञ कमी शिकलेले किंवा कमी हुशार आहेत असे मला मुळीच वाटत नाही. त्यांतल्या काहींचा हात मी पाहिलेला आहे. पण निदानाचे पैसे वेगळे द्यायला आम्ही ग्राहक तयार नसतो, भाग बदलला तरच चार पैसे सुटतात आणि मग बदलण्याकडे हात आपोआप वळतो. कोणी निदानासाठी म्हणून दोनशे रुपये मागितले, तर मी ते आनंदाने देईन.

एसएमपीएस बदलल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी त्या दुकानात जाऊन माझे जुने कार्ड मागितले. ते भंगारात गेले होते. करपलेला कन्व्हर्टर तेवढा माझ्या गल्ल्याच्या खणात आहे.

आपला नम्र,
एक डीटीपी व्यावसायिक,
गणपती पेठ, सांगली